बंडाची पावती

रॉक ऐकून घरच्यांना हादरवायचं असेल तर माणसानं भातकुलीत जन्म घेऊ नये. जिथे शेजाऱ्याच्या रेडिओबद्दल तक्रार करायची चाल आहे, तिथे हे काम सोपं. आमच्याकडे, म्हणजे अमरावतीपासून पंधरा-सोळा किलोमीटरवर, आवाज हा तक्रारीचा विषयच नव्हता. पहाटे काकड्याचा भोंगा. तो थांबेस्तोवर पिठाच्या चक्कीचं इंजिन सुरू. लग्नसराईत बँड, पोळ्याला डफडी, चौदा एप्रिलला रात्रभर भीमगीतं, उरुसाला संदल. आणि भागवत सप्ताह लागला की सात दिवस भोंगा, त्याचं तोंड ज्यानं वर्गणी जास्त दिली त्याच्या घराकडे. एका वर्षी बाबांनी एकशे एक रुपये दिले आणि आठवडाभर आम्ही घरात खुणांनी बोललो. पण 'जरा कमी करा' म्हणायला कोणी गेलं नाही. उलट बाजूच्या काकांना वाईट वाटलं, की आपल्या वाट्याला भोंग्याची पाठ आली.

अशा गावात आम्ही आठवीतले चार पोट्टे आवाजाच्या जोरावर बंड करायला निघालो.

सुरुवात एका कॅसेटनं झाली. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. एमटीव्ही १९९१ साली स्टार टीव्हीच्या छत्रीतून भारतात उतरला होता, पण त्याला भातकुलीची एसटी मिळाली नसावी. आमच्याकडे दूरदर्शन, तेही धाब्यावर ॲन्टेना धरून कोणी उभं असेपर्यंत. मग दिवाळीला आत्तेभाऊ आला. तो अमरावतीला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहायचा. त्याच्या बॅगेत धुवायचे कपडे आणि एक कॅसेट. कॅसेटवर बॉलपेननं लिहिलेलं, 'इंग्लिस जोरदार'. आत पिंक फ्लॉइड, डीप पर्पल, आयर्न मेडन, निर्वाना असे सगळे एका खोलीत कोंबलेले; कोण कुठे संपतं याचा पत्ता नाही. कोऱ्या कॅसेटला पैसे नव्हते, म्हणून त्याच्या रूम पार्टनरनं घरची सत्यनारायणाची कॅसेट कामी लावली होती. मागच्या दोन भोकांत कागदाचा बोळा कोंबला की भरलेली कॅसेट पुन्हा भरता येते, ही विद्या त्या काळी घराघरांत होती. पण दोन गाण्यांच्या मधल्या फटीतून कथा डोकवायची. गिटारनं शेवटची किंकाळी फोडली, की भटजी शांतपणे चौथा अध्याय संपल्याचं जाहीर करायचे, आणि आई स्वयंपाकघरातून हात जोडायची. तिच्या मते पोरं देवाधर्माचं ऐकत होती. मधेमधे जाहिराती लागत होत्या, एवढंच.

आत्तेभावानं आम्हाला सपरीत बसवून दीक्षा दिली.

"हे बंडखोर म्युझिक हाये. हे लावलं का घरचे भडकते."

"नाई भडकले तं?"

"भडकतेच. अमेरिकेत सारे भडकले."

पहिला प्रयोग आबाजींवर झाला. ते बाजेवर पडले होते. टेपरेकॉर्डर उशाशी नेला, आवाजाचं बटण जाईल तिथवर फिरवलं आणि आम्ही दाराआड भडक्याची वाट पाहत उभे राहिलो. आबाजी उठून बसले. तंबाखू मळली. आयर्न मेडनचं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, "पोट्ट्याचा गळा चांगला तापला हाये. पन मुरदुंगवाला पुढं पळून राह्यला." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कोन्त्या गावचं मंडळ हाये?"

आम्ही 'लंडन' म्हटलं. त्यांनी मान हलवली. त्या मंडळाला पुढच्या सप्ताहाला बोलवायचं तर बिदागी किती पडेल, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर आलेला मी स्वतः पाहिला आहे.

आईनं निर्वानाचं एक गाणं ऐकलं आणि काळजीनं विचारलं, "त्याच्या घरचं कोनी गेलं काय रे?" बाबांचं मात्र वेगळं. त्यांनी चार दिवस काही म्हटलं नाही. आम्हाला वाटलं, आतल्या आत भडकताहेत. पाचव्या दिवशी ते म्हणाले, "तो टेप घेऊन वावरात जा. जवारीवर पाखरं लय येऊन राह्यले." आणि मग ज्या संगीतानं पाश्चात्त्य संस्कृती हादरली म्हणतात, ते संगीत आम्ही मचाणावर बसून भातकुलीच्या पोपटांना ऐकवलं. दोन दिवस पोपट उठले. तिसऱ्या दिवशी ते कणसावर बसूनच ऐकायला लागले. सेल उतरत आले की गायकाचा आवाज जाडा आणि संथ व्हायचा, तेव्हा तर पाखरं विशेष निवांत असायची. सेलच्या खर्चाचा हिशेब करून बाबांनी टेप घरी पाठवला आणि गोफण पुन्हा हाती घेतली. रॉकला त्यांनी नाकारलं ते असं, निव्वळ हिशेबानं.

ताईनं तर आम्हाला उडवूनच लावलं. "याच्यात काय बंड हाये? आमी भुलाबाईत भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपावतर सासू-सासऱ्याले गाण्यातून नावं ठेवतो. कोनी भडकते काय? उलटा खाऊ देते."

हे खरं होतं, आणि हीच आमची अडचण होती. वऱ्हाडात बंडाची सोय आधीच करून ठेवलेली आहे, तीही तिथीवार. बायकांना भुलाबाई. शेतकऱ्यांना पोळ्याच्या झडत्या. तोरणाखाली बैल उभे राहिले की सावकार, सरपंच, आमदार, कापसाचा चुकारा अडवणारे, सगळ्यांना दोन-दोन ओळींत भर गावासमोर सोलायचं आणि शेवटी महादेवाचा गजर करायचा. सोललेली माणसं तिथेच टोपी घालून उभी असायची. हसायचीही, कारण नाही हसलं तर पुढची झडती त्याच्यावरच. मोठ्या माणसाला तोंडावर बोलायला लंडनच्या पोरांना गिटार, ॲम्प्लिफायर आणि रेकॉर्ड कंपनी लागली. आमच्याकडे एक बैलजोडी पुरायची, ती नसली तर शेजाऱ्याच्या बैलाशेजारी उभं राहिलं तरी चालायचं.

पुढे कधीतरी कळलं की शाळेत रॉक सापडल्याची महाराष्ट्रातली खरी गोष्ट पाचगणीची आहे. झांझिबारात १९४६ साली जन्मलेला फारुख बलसारा नावाचा पारशी मुलगा आठ वर्षांचा असताना तिथल्या सेंट पीटर्स शाळेत आला. त्यानं वर्गमित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, पियानो बडवला, लिट्ल रिचर्ड आणि क्लिफ रिचर्डची गाणी शाळेच्या कार्यक्रमांत गाजवली, आणि पुढे इंग्लंडात जाऊन तो फ्रेडी मर्क्युरी झाला. वाचून मला त्याचं कौतुक कमी आणि पियानोचं जास्त वाटलं. आमच्या शाळेत पेटी होती. तिचे दोन सूर वाजत नसत आणि एक थांबत नसे.

वाद्यांचं जमेना, म्हणून आम्ही केसांकडे वळलो. आत्तेभावाच्या सांगण्यानुसार कॅसेटवरचे सगळे लोक केस वाढवलेले होते, आणि केस वाढवायला पैसे लागत नाहीत. शिवाय निसर्ग आमच्या बाजूनं होता. भातकुली खारपाणपट्ट्यात येते. इथल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यानं डोकं धुतलं की केस आपसूक उभे राहतात. परदेशातल्या पोरांना त्यासाठी डब्यातलं काहीबाही थापावं लागे, आमचं काम बादलीभर पाण्यात होई.

आणि परंपरेचं म्हणाल तर या बाबतीत भातकुलीचा हात धरणारं गाव जगात नसेल. भातकुली म्हणजे जुनं भोजकट, असं इतिहासाचे अभ्यासक आणि गावातले म्हातारे दोघंही सांगतात. या दोघांचं एकमत एरवी फारशा गोष्टींवर होत नाही. वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात भोजकट राज्याचं नाव आहे. पण खरी मजा त्याच्या आधीची. कौंडिण्यपूरची रुक्मिणी कृष्णानं अंबादेवीच्या देवळातून रथात घालून नेली, तेव्हा तिचा भाऊ रुक्मी मागे धावला. जाताना प्रतिज्ञा करून गेला, की बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाय ठेवणार नाही. लढाईत हरला. बहिणीनं गयावया केली म्हणून कृष्णानं त्याला मारलं नाही. नुसते केस आणि मिशा जागोजाग भादरून सोडून दिलं. आता घरी जायची सोय उरली नाही. तेव्हा त्यानं नवं गाव वसवलं, ते भोजकट.

म्हणजे घर सोडलेला, मोठ्यांचं न ऐकलेला, कोणावर तरी कायमचा चिडलेला आणि डोक्यावर इथे झुपका, तिथे टक्कल असा एक तरुण, हा आमच्या गावाचा संस्थापक. लंडनच्या पंक पोरांनी असली डोकी १९७६-७७ च्या सुमारास केली तेव्हा वर्तमानपत्रांनी संस्कृती बुडाल्याचे मथळे दिले. आमच्याकडे ती भागवताच्या दहाव्या स्कंधात आहे आणि सप्ताहात भोंग्यावरून सांगितली जाते.

तर आमचे केस वाढले. कानावर आले, मानेवर आले. भडका नाहीच. गावानं आपसात ठरवून टाकलं की हा नवस आहे. नळावर बायका आईला विचारायच्या, "कुठचा बोलला वो बाई? शेगावचा का बहिरमचा?" आईनं आधी नाही म्हणून पाहिलं. मग नाही म्हणणंही बरं दिसेना, कारण नवस नाकारला तर देव ऐकतो. शेवटी डिसेंबरात तिनं मला बहिरमच्या यात्रेला नेलं, तिथल्या न्हाव्यासमोर बसवलं आणि डोकं चकोट करून घेतलं. नवस नेमका कशाचा होता हे अजून ठरलेलं नाही. पण फेडलेला आहे.

जानेवारीत शाळेचं स्नेहसंमेलन होतं. मी टकला, बाकीचे तिघं झिपरे. मधल्या सुट्टीत आम्ही कॅसेटवरचं एक गाणं कोरसात म्हणायचो. पिंक फ्लॉइडचं, 'अनदर ब्रिक इन द वॉल'. १९७९ च्या नोव्हेंबरात 'द वॉल' हा अल्बम आला त्यातलं. रॉजर वॉटर्सला त्याच्या केंब्रिजच्या शाळेतल्या मास्तरांचा राग होता, तो त्यानं गाण्यात उतरवला. आणि कोरसाला मुलं हवीत म्हणून लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतली तेवीस पोरं त्यांच्याच संगीताच्या मास्तरानं स्टुडिओत नेली, मुख्याध्यापिकेला न विचारता. तिला शब्द कळले तेव्हा तिनं मुलांना टीव्हीवर दिसायला बंदी केली. शाळेला मात्र हजार पौंड मिळाले, पोरांच्या हाती तेव्हा पैसे पडले नाहीत. मास्तरविरोधी गाणं मास्तरानंच जमवून दिलं होतं, हे कळायला मला पुढची वीस वर्षं लागली. तेव्हा कळलं असतं तर पुढं जे झालं त्याचं नवल वाटलं नसतं.

इंग्रजीच्या सरांनी खिडकीतून ऐकलं आणि आम्हाला स्टाफरूममध्ये बोलावलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. अखेर भडका!

"काय म्हनून राह्यले बे?"

"सर, इंग्लिश गाणं."

"थे समजलं. लिहून दाखवा."

आत्तेभावानं लिहून दिलेला कागद आम्ही पुढे केला. शिक्षण नको, हे त्यात कोणालाही कळेल इतकं स्वच्छ होतं. सरांनी सवयीनं लाल पेन काढलं. पहिलीच ओळ दोनदा वाचली. मग चष्मा वर करून म्हणाले, "याच्यात नकार कितीदा आला?"

"दोनदा, सर."

"दोन नकार झाले का काय होते? सातवीत शिकवलं होतं मी."

"होकार, सर."

"मंग?" ते मागे रेलले. "पोट्टे शिक्षणच मांगून राह्यले. जरा घुमवून मांगून राह्यले, पन शिक्षणच मांगून राह्यले."

साक्षरता अभियानाचे दिवस होते. पंचायत समितीतून पाहुणे येणार होते. शाळेकडे लेझीम होतं, समूहगीत होतं, नाटुकलं होतं. इंग्रजी काही नव्हतं. सर कागद घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. मुख्याध्यापकांना इंग्रजीपेक्षा बांधकामात रस. त्यांनी फक्त गाण्याचं नाव विचारलं. सरांनी मराठीत सांगितलं, "भिंतीमधली आणखी एक वीट." मुख्याध्यापक एकदम सरळ बसले. "विषय चांगला आहे," म्हणाले, आणि डायरीत काहीतरी टिपून घेतलं. तेव्हा आम्ही तिकडे लक्ष दिलं नाही. आमच्या बंडाचं कार्यक्रमपत्रिकेत रूपांतर झाल्याच्या धक्क्यात आम्ही होतो. पत्रिकेत छापून आलं : 'साक्षरतेवरील इंग्रजी समूहगीत, इयत्ता ८ वी.'

तालमी जोरात झाल्या. ठेका केरव्यात चपखल बसला. त्या गाण्याची चाल कुठल्याही भजनी मंडळाला पहिल्या फटक्यात उचलता येईल. ढोलक होतं, पेटी होती, तिचा तो न थांबणारा सूर आम्ही गिटारच्या जागी वापरला. खंजिरीवाला पोट्टा ऐन वेळी तापानं पडला, तेव्हा गावच्या भजन मंडळातले एक आजोबा आले. सत्तरीचे. पांढरी टोपी, खिशात स्वतःची खंजिरी.

"कायचं भजन हाये?"

आम्ही हळूच, सर ऐकणार नाहीत अशा बेतानं खरं सांगितलं : शाळेतली पोरं मास्तरांविरुद्ध उठतात.

आजोबांनी समोर पाहिलं. पहिल्या खुर्चीवर इंग्रजीचे सर मान डोलावत बसले होते.

"मास्तर तं ताल धरून राह्यला," आजोबा म्हणाले. आणि खंजिरी तापवायला घेतली.

खंजिरी हे वाद्य काय आहे ते आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. यावलीत १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज हेच वाद्य हातात घेऊन गावोगाव फिरले. लोक त्यांना भजनासाठी ओळखतात, आणि भजन म्हटलं की डोळ्यांपुढे टाळ, बुक्का आणि पेंगणारी मंडळी येतात. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये चिमूर उठलं, ते याच भजनांनी पेटून. १६ ऑगस्टला, नागपंचमीला, लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, सरकारी अधिकारी मारले गेले, आणि काही दिवस चिमुरात इंग्रजांचं राज्य उरलं नव्हतं. महिनाअखेरीस महाराजांना पकडलं आणि नागपूर, रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. गाण्यामुळे सरकार इतकं भडकल्याचं उदाहरण आमच्या आत्तेभावाच्या अख्ख्या कॅसेटमध्ये एक नव्हतं. आजोबा त्या वेळी अठरा-वीस वर्षांचे असतील. ते फार बोलत नसत.

संमेलनाच्या दिवशी दोन ट्रॉल्या जोडून स्टेज झाला. लाइट संध्याकाळी जायची होती ती वेळेवर गेली, मग जनरेटर लावला. त्याच्या आवाजात रॉकला साजेसा भरभक्कम तळ मिळाला. आम्ही सुरू केलं. पहिल्या कडव्याला पोरांनी शिट्या मारल्या. दुसऱ्याला सभापतींनी टाळ्यांचा ठेका धरला, आणि ते धरतात म्हटल्यावर सगळ्या सदस्यांनी. मी माझ्या चकोट डोक्यानिशी माइकला भिडून, मास्तरांनी पोरांना एकटं सोडावं असं इंग्रजीत ओरडत होतो, आणि समोर रांगेनं बसलेले सगळे मास्तर कौतुकानं हसत होते. एवढ्यात निवेदकानं माझ्या हातातला माइक घेतला. "साक्षरता गीतावर खूश होऊन माननीय सभापती महोदयांकडून एक्कावन रुपये!" टाळ्या. "गीत पुढे चालू ठेवावं!" आम्ही ठेवलं.

स्टेजमागे आजोबा खंजिरी धोतराच्या सोग्यानं पुसत होते. आम्ही जवळ गेलो. शाबासकी मिळेल असं वाटलं.

"आमच्या टाइमाले गाणं म्हनलं का जेल होये," ते म्हणाले. "तुमाले एक्कावन रुपये भेटले."

ते चिडून म्हणाले नाहीत. नुसती दोन काळांची भाव-चौकशी केल्यागत म्हणाले, आणि जेवायला गेले. हेच गाणं १९८० साली दक्षिण आफ्रिकेत शाळकरी मुलांनी वर्णभेदी शिक्षणाविरुद्धच्या बहिष्कारात म्हटलं आणि तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली, हे मला तेव्हा ठाऊक असतं तर मी त्यांना थांबवून सांगितलं असतं. त्यांनी बहुतेक विचारलं असतं, की त्या पोरांना बक्षीस कोणी दिलं नाही काय.

एक्कावन रुपयांचं काय करायचं यावर आमची रात्री बैठक झाली. एकाचं म्हणणं, अमरावतीला जाऊन गिला वडा खावा. दुसऱ्याचं, खरी, विकतची, सत्यनारायण नसलेली कॅसेट आणावी. तिसऱ्याला फक्त त्याचा वाटा रोख पाहिजे होता. तो पुढे पतसंस्थेत लागला. रात्री उशिरा गिला वड्यावर बहुमत झालं.

सोमवारी परिपाठानंतर मुख्याध्यापकांनी आम्हा चौघांना पुढे बोलावलं आणि सगळ्या शाळेसमोर आमचं अभिनंदन केलं. आमच्या शाळेला कंपाउंड नव्हतं. गावच्या बकऱ्या सातवी-आठवीच्या वर्गात येऊन नकाशे खात, त्यासाठी वर्षभर लोकवर्गणी चालू होती. मुख्याध्यापक म्हणाले, की या मुलांनी आपल्या गीताच्या विषयाला जागून बक्षिसाची सगळी रक्कम शाळेला दिली आहे. आम्ही ती दिली आहे हे आम्हाला तेव्हाच कळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, इंग्रजीच्या सरांनी सगळ्यात जास्त. मग मुख्याध्यापकांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं, कार्बन सरकवला आणि चौघांच्या नावानं एक पावती फाडून माझ्या हातात दिली : 'रु. ५१ फक्त. संरक्षक भिंतीच्या विटांकरिता. आभारी आहोत.'